हयातीचा दाखला

अमर माणसावरच्या कादंबरीकडून वाचकाची अपेक्षा साधी असते. मरायचंच नाही म्हटल्यावर माणूस दिवसभर करतो काय, एवढं तिनं सांगावं. पुण्यात कोथरूडला राहणाऱ्या एका निवृत्त गृहस्थांनी तर प्रश्नांची यादीच करून ठेवली होती. केंद्र सरकारच्या हिशेब खात्यात आयुष्य गेल्यामुळे यादीला अनुक्रमांक आणि शेऱ्याचा रकाना होता. दात पुन्हा येतात का? आले तर किती वेळा? मुदत ठेवीवरचं चक्रवाढ व्याज तीनशे वर्षांनी कुठं पोचतं? पत्नी तीच राहते, की अधूनमधून नूतनीकरण होतं? (हा प्रश्न पेन्सिलीनं, अगदी पुसट लिहिला होता.) आणि शेवटचा: सोसायटीचं रीडेव्हलपमेंट पाहायला मिळतं का?

पुस्तक आणलं नातवानं. रॉबर्ट हाइनलाइन या अमेरिकन लेखकाची 'टाइम इनफ फॉर लव्ह' ही १९७३ सालची विज्ञान कादंबरी. जुन्या बाजारातली प्रत, सहाशेच्या घरात पानं, अक्षर मुंगीएवढं आणि बांधणी इतकी खिळखिळी की तळव्यावर तोलूनच वाचायला हवी.

"आजोबा, तुमच्यासाठीच आहे हे. यातला हिरो तुमच्यापेक्षा म्हातारा आहे."

"किती?"

"दोन हजार वर्षांच्या वर."

गृहस्थांनी चष्मा पुसला. आजवर त्यांनी वाचलेल्या कादंबऱ्यांतले नायक पंचविशीतच क्षयानं किंवा प्रेमानं संपायचे. वयानं आपल्याला ज्येष्ठ असा नायक त्यांना प्रथमच भेटत होता.

नायकाचं नाव लाझारस लाँग. जन्म १९१२ चा आणि कादंबरी घडते ती त्रेचाळीसाव्या शतकात. माणूस अनेक ग्रहांवर पसरलाय, शरीर पुन्हा तरुण करून देणारे दवाखाने निघालेत, पैशाची ददात नाही. एवढी जय्यत तयारी झाल्यावर नायक पहिल्याच प्रकरणात काय करतो? एका भिकार लॉजमध्ये खोली घेऊन मरायची वाट बघत पडतो. कंटाळा आलाय म्हणे. ग्रहाचा मुख्य कारभारी त्याला शोधून काढतो, उचलून आणतो, परस्पर तरुण करायला लावतो आणि मग त्याच्या नाकदुऱ्या काढतो की बाबा रे, मरू नकोस, आम्हाला तुझं शहाणपण हवंय. तेव्हा नायक अट घालतो: मी बोलणार, तू रोज येऊन ऐकायचं. ज्या दिवशी येणार नाहीस त्या दिवशी मी मरायला मोकळा.

गृहस्थांनी ही अट पत्नीला वाचून दाखवली.

"यात नवीन काय?" ती भाजी निवडता निवडता म्हणाली. "मी रोज ऐकतेच आहे."

पहिली निराशा इथंच झाली. ज्याला सगळं मिळालंय त्यालाच ते नको झालंय, आणि ते नको झाल्याचं सविस्तर वर्णन दुसऱ्यानं दिव्याखाली डोळे ताणून वाचायचं! पण पुस्तक अर्धवट टाकणं घराण्यात बसत नव्हतं. ताटात वाढलेलं आणि विकत घेतलेलं संपवायचं, हा नियम त्यांनी मुलांनाही लावला होता. (मुलांनी तो घर सोडल्याच्या दिवशी मोडला, ती गोष्ट वेगळी.)

वाचन पुढं सरकलं ते बँकेत. नोव्हेंबर महिना होता आणि नोव्हेंबरात पेन्शनर मंडळींना आपण जिवंत असल्याचं सरकारला कळवावं लागतं. त्याला हयातीचा दाखला म्हणतात. २०१४ पासून 'जीवन प्रमाण' नावानं तो डिजिटल मिळतो, म्हणजे यंत्रावर अंगठा ठेवला की झालं. फक्त अंगठ्याला रेषा शिल्लक असाव्या लागतात. फायली उलटून, रकमा मोजून आणि घरी चाळीस वर्षं लसूण सोलून गृहस्थांच्या अंगठ्याचा साफ गुळगुळीत दगड झालेला.

"आजोबा, येत नाहीये," खिडकीतली मुलगी म्हणाली.

"कोण?"

"तुम्ही. सिस्टिममध्ये."

मग डावा अंगठा. मग तर्जनी. मग हात धुऊन या. मग हाताला तेल लावून या. तेल कुठलं आणणार? रांगेतल्या एका बाईंनी पर्समधून व्हॅसलीन काढलं. तेही लावून झालं, तेव्हा यंत्रानं बोट ओळखायचं सोडून दिलं आणि चिकटपणाची तक्रार सुरू केली. शेवटी मुलगी म्हणाली की चेहऱ्यावरून दाखला घ्यायची सोय मोबाइलवर आहे, त्या साहेबांकडं बसा, नवीन टोकन घ्या. गृहस्थ टोकन घेऊन बसले आणि त्यांनी पुस्तक उघडलं. दोन हजार वर्षं जगलेल्या माणसाला एकदाही जिवंत असल्याचा पुरावा द्यावा लागलेला नाही, हे त्यांच्या तिथंच ध्यानात आलं. समासात त्यांनी टीप केली: 'अवास्तव.'

या कादंबरीतली त्यांना मनापासून आवडलेली पहिली गोष्टही नेमकी याच बाकावर आली. आळशीपणाच्या जोरावर यशस्वी झालेल्या एका नौदलातल्या माणसाची ती कथा. त्याला कष्टांचा इतका तिटकारा की कमीत कमी श्रमात काम उरकायच्या युक्त्या शोधता शोधता तो वर चढत जातो. सरकारी नोकरीतला कोणीही माणूस ही कथा अश्रद्ध मनानं वाचू शकत नाही. गृहस्थ इतके रमले की त्यांचं टोकन पुकारलं गेलं, पुढं गेलं आणि साहेब जेवायला गेले.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी पेन्शनचा तक्ता मनातल्या मनात मांडला. केंद्र सरकारच्या नियमाप्रमाणे ऐंशी पूर्ण झाली की मूळ पेन्शनवर २० टक्के जादा मिळतात, पंच्याऐंशीला ३०, नव्वदला ४०, पंच्याण्णवला ५० आणि शंभरी गाठली की थेट १०० टक्के. त्यापुढं तक्ताच नाही. म्हणजे लाझारस लाँग भारत सरकारच्या सेवेत असता तर शंभराव्या वर्षी दुप्पट पेन्शनला पोचला असता आणि उरलेली बावीस शतकं त्याच रकमेवर अडकून पडला असता. हे अन्यायाचं होतं. पावतीच्या पाठीमागं त्यांनी अर्जाचा मसुदा लिहायला घेतला: 'विषय: वय वर्षे २०० व त्यापुढील निवृत्तिवेतनधारकांस वाढीव दर लागू करणेबाबत.'

ऐंशीवरून जोनाथन स्विफ्टची आठवण येणं अपरिहार्य. १७२६ साली आलेल्या 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स'मध्ये लगनॅग नावाच्या देशात अमर माणसं आहेत. जन्मतःच त्यांच्या डाव्या भुवईवर लाल ठिपका असतो, वयाबरोबर तो हिरवा, निळा आणि अखेर काळा होत जातो. गलिव्हर आधी हरखतो, आपण असे असतो तर काय काय केलं असतं याचे बेत सांगतो आणि ऐकणारे हसतात. कारण ही माणसं अमर आहेत, पण तरुण राहत नाहीत. नव्वदीला दात, केस, चव सगळं जातं. आणि ऐंशी पूर्ण होताच तिथला कायदा त्यांना मृत धरतो. इस्टेट वारसांकडं, लग्न रद्द, पोटापुरता तुटपुंजा तनखा. ज्या वयात लगनॅगचं सरकार माणसाला मेलेला ठरवतं, त्याच वयात भारत सरकार २० टक्के वाढवून देतं, हा मुद्दा आपल्या परराष्ट्र धोरणात कुणी पुरेसा मांडलेला नाही.

हाइनलाइनच्या बाजूनं एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. लाझारसची आयुर्मर्यादा कुठून आली याचं त्यानं दिलेलं कारण महाराष्ट्रीय वधुवरसूचक मंडळाला अभिमान वाटावा असं आहे. 'मेथुसेलाज चिल्ड्रन' ही लाझारसची आधीची कथा १९४१ साली मासिकातून क्रमशः आली. त्यात आयरा हॉवर्ड नावाचा एक श्रीमंत माणूस पन्नाशीच्या आतच म्हातारा होऊन मरतो आणि माणसाचं आयुष्य वाढवण्यासाठी संपत्ती ठेवून जातो. विश्वस्त प्रयोगशाळा वगैरे काढत नाहीत. ते स्थळं बघतात! ज्या मुलाचे आणि मुलीचे चारही आजी-आजोबा हयात आहेत, त्यांनी एकमेकांशी लग्न करावं म्हणून पैसे देतात. पिढ्यानपिढ्या हे चाललं की दीर्घायुषी घराणी तयार.

गृहस्थ हे वाचून उठून बसले. पत्रिका नाही, नाडी नाही, गोत्र नाही, पगार विचारायचा नाही. फक्त चार म्हातारे मोजायचे.

"आपल्या वेळी असं असतं तर?" त्यांनी पत्नीला विचारलं.

"तर झालंच नसतं. तुमच्याकडं एक आजी होती फक्त. आणि ती पुरेशी होती."

त्या कथेत पुढं बाकीच्या जगाला वाटतं की या घराण्यांकडं काहीतरी गुपित औषध आहे आणि ते लपवतायत. लोक मागं लागतात, घराणी यानात बसून पळून जातात, आणि परत येऊन पाहतात तर पृथ्वीवरच्यांनी, गुपित असणारच या खात्रीनं शोधून शोधून, आयुष्य वाढवायची युक्ती खरोखर काढलेली असते. शेजाऱ्याकडं काहीतरी आहे आणि तो सांगत नाही, या एका संशयावर माणूस किती मोठं संशोधन करू शकतो! सोसायटीत पाण्याच्या मोटारीवरून झालेलं संशोधन याच दर्जाचं होतं.

मग 'टाइम इनफ फॉर लव्ह'मध्ये बिनसलं कुठं? बिनसलं वहीत. कादंबरीच्या मध्ये दोन ठिकाणी गोष्ट थांबते आणि नायकाच्या वहीतली सुवचनं सुरू होतात. लग्न, पैसा, सरकार, मांजर, बायका, सगळ्यावर टोलेदार वाक्यं. अमेरिकेत या वह्यांचं वेगळं पुस्तकसुद्धा निघालं, म्हणजे आवडणारे खूप असणार. पण गृहस्थांचा फोन रोज पहाटे साडेपाचपासून अशाच मजकुरानं भरत असतो, गुलाबाच्या फुलासकट. दोन हजार तीनशे वर्षं, कित्येक ग्रह, असंख्य संसार, आणि हाती काय लागलं तर गुड मॉर्निंग. त्यांच्या एका साडूंना हेच शहाणपण बासष्टाव्या वर्षी, तेही फुकट, प्राप्त झालं होतं.

वाईट याचं वाटतं की याच पुस्तकात मध्येच एक सुंदर गोष्ट सापडते. आगीतून वाचवलेल्या एका मुलीला लाझारस वाढवतो, पुढं तिच्याशीच लग्न करतो आणि डोंगरापलीकडं नवी वस्ती करतो. ती साध्या आयुष्याची माणूस आहे, म्हातारी होते, जाते. तो तसाच उरतो. तिथं विनोद नाही, वहीही नाही. गृहस्थांनी ती पानं वाचली त्या संध्याकाळी पत्नीनं दोनदा विचारलं की बरं वाटत नाहीये का. अशी पानं लिहू शकणारा माणूस उरलेली पाचशे पानं गप्पा हाणतो म्हटल्यावर राग दुप्पट होतो.

तो राग बागेतल्या कट्ट्यावर बाहेर पडला. कट्ट्यावर कुठलाही विषय निघाला की प्रत्येकाकडं त्याहून सरस उदाहरण असतं.

कोर्टातून निवृत्त झालेले एक गृहस्थ म्हणाले, "त्यापेक्षा तो कारेल चापेक वाचा." चापेक हा चेक लेखक, १९२२ सालच्या त्याच्या नाटकाची नायिका ३३७ वर्षांची गायिका आहे. सम्राट रुडॉल्फसाठी तिच्या बापानं काढा बनवला आणि बादशाही खबरदारी म्हणून आधी मुलीला पाजला. नाटक सुरू होतं तेव्हा एका मिळकतीचा दावा शंभरेक वर्षं चाललेला असतो आणि बाई वकिलाच्या कचेरीत येऊन मृत्युपत्र कुठल्या कपाटात आहे ते सांगतात. यानाचेकनं याच नाटकावर १९२६ मध्ये ऑपेरा केला.

"शंभर वर्षं चाललेला दावा आणि मूळ साक्षीदार हयात!" कोर्टवाले हळहळले. "आमच्याकडं साक्षीदाराचा नातू यायचा."

दुसऱ्यांनी बोर्हेस काढला. त्याच्या १९४७ सालच्या कथेतल्या अमर लोकांना घाई म्हणून कशाचीच नाही. एकजण खाणीत पडला, तहानेनं तडफडत होता, मरत मात्र नव्हता. वरच्यांनी दोरी टाकली सत्तर वर्षांनी. यावर कट्टा बराच वेळ गप्प होता, कारण बागेबाहेरच्या उघड्या गटारावरचं झाकण सगळ्यांच्याच डोळ्यांसमोर आलं.

तिसरे म्हणाले, आपला अश्वत्थामा का सोडता? महाभारतात कृष्णाचा शाप आहे तीन हजार वर्षं भटकण्याचा. लोकांनी त्याला परस्पर मुदतवाढ देऊन चिरंजीवांच्या यादीत पहिला नेऊन बसवला. नंदुरबारकडं सातपुड्यात अस्तंब्याच्या डोंगरावर दिवाळीत त्याची यात्रा भरते आणि कपाळाच्या जखमेला तो अजून तेल मागत फिरतो असं लोक सांगतात. मुदतवाढ हा शब्द कानावर पडताच हिशेब खातं सावध झालं. तीन हजार वर्षांनंतरची मुदतवाढ कुणाच्या सहीनं मिळाली, असं त्यांनी विचारूनही पाहिलं. आणि तेलाचं बोट बँकेच्या यंत्रावर चालत नाही, हेही सांगितलं.

पण बाजी मारली ती एका माजी विमा प्रतिनिधीनं, कारण त्यांची गोष्ट खरी होती. फ्रान्समधल्या आर्ल गावात झान काल्माँ नावाच्या बाई होत्या. १९६५ साली त्या नव्वदीच्या असताना एका वकिलानं त्यांच्याशी करार केला: बाई हयात असेतो दरमहा २५०० फ्रँक द्यायचे, त्या गेल्या की फ्लॅट वकिलाचा. वकील सत्तेचाळीस वर्षांचा. कुणीही म्हणेल, फायद्याचा सौदा. बाई जगत राहिल्या. १९९५ मध्ये वकील सत्त्याहत्तराव्या वर्षी वारला. फ्लॅटच्या किमतीच्या दुपटीहून जास्त भरून झाले होते आणि करार चालूच असल्यानं पुढचे हप्ते त्याची बायको भरू लागली. बाई १९९७ मध्ये गेल्या, वय १२२ वर्षं १६४ दिवस.

"दर महिन्याला तो विचारत असेल, तब्येत कशी आहे म्हणून," कोर्टवाले म्हणाले.

"आणि त्या म्हणत असतील, छान," विमावाले म्हणाले. कट्ट्यावर यापेक्षा भयंकर कथा कुणालाच सांगता येईना.

घरी नातवानं आजोबांची समजूत घालायला कुर्ट व्हॉनेगटची १९५४ सालची एक छोटी कथा मोबाइलवर वाचून दाखवली. बावीसावं शतक. म्हातारपण थांबवणारं औषध निघालंय, ते स्वस्तही आहे, त्यामुळं कुणी मरत नाही आणि न्यूयॉर्कमधल्या एका फ्लॅटमध्ये सगळ्या पिढ्या एकत्र कोंबलेल्या. स्वतंत्र खोली फक्त आजोबांना, वय १७२. टीव्ही त्यांच्या हुकमावर आणि कुणी जरा आवाज चढवला की ते मृत्युपत्रातून नाव काढतात. एक दिवस भांडण होतं, पोलीस सगळ्यांना तुरुंगात टाकतात, आणि प्रत्येकाला आपापली कोठडी मिळाल्यावर ही मंडळी आनंदानं हरखून जातात.

"ही विज्ञानकथा कशी?" पत्नी म्हणाली. "ही आमच्या गिरगावच्या चुलत सासऱ्यांची गोष्ट आहे. फक्त तुरुंग नव्हता मिळाला."

त्याच भरात नातवानं अमेरिकेतल्या ब्रायन जॉन्सन या धनाढ्य उद्योजकाचंही सांगितलं. वय उलटवण्याच्या ध्यासात त्यानं २०२३ मध्ये आपल्या सतरा वर्षांच्या मुलाच्या रक्तातला प्लाझ्मा स्वतःला टोचून घेतला आणि पुढं, फायदा दिसला नाही म्हणून थांबवल्याचं जाहीर केलं. ययातीनं पुरूकडून तारुण्य घेतलं तेव्हा निदान हजार वर्षं उपभोगलं, अहवाल दिला नाही. गृहस्थांनी जेवताना सहज मुलाकडं पाहिलं. मुलगा एक्कावन्न वर्षांचा, साखर वाढलेली, रक्तदाबाची गोळी चालू.

"बाबा, असं काय बघताय?"

"काही नाही. तू राहू दे."

कादंबरीचा शेवट तेवढा उरला होता. तिथं लाझारस कालप्रवास करून थेट आपल्या बालपणात जातो. १९१६ च्या सुमाराचं कॅन्सस सिटी, स्वतःचं घर, बाल्यावस्थेतला स्वतः. आणि स्वतःची तरुण आई. तो तिच्या प्रेमात पडतो. म्हणजे तसंच प्रेम. गृहस्थांनी पान उलटलं, पुन्हा मागं आले, इंग्रजीचा आपलाच काही गैरसमज होतोय का म्हणून शब्दकोश काढला. गैरसमज नव्हता. त्यांनी पुस्तक देवघराकडं पाठ करून ठेवलं. दोन हजार वर्षांत विश्वातल्या कोट्यवधी बायका सोडून या माणसाला... छे! प्रश्नांच्या यादीत शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी सगळीकडं एकच शेरा मारला: 'उत्तर नाही'. दातांचं नाही, व्याजाचं नाही, रीडेव्हलपमेंटचं तर नाहीच.

मग नायक पहिल्या महायुद्धात जातो, खंदकात गोळ्या लागून कोसळतो. गृहस्थांना आयुष्यात प्रथमच कुणाच्या मरणानं हायसं वाटलं. तर त्याची भविष्यातली माणसं यानातून येतात आणि त्याला उचलून नेतात.

"म्हणजे मेला नाही?" त्यांनी नातवाला फोन लावला.

"नाही ना. त्याच लेखकाच्या अजून तीन कादंबऱ्यांत येतो तो. १९८०, १९८५ आणि १९८७. शेवटची आली आणि पुढच्या वर्षी लेखकच गेला, ऐंशीचा होऊन."

"ऐंशी पूर्ण होते का?"

"हो."

"मग ठीक आहे." हिशेब खात्याचं समाधान झालं. "आणि या हिरोचं?"

"चालूच. शेवटची कादंबरी तर त्याची आईच सांगते. सगळी तिची बाजू."

फोन स्पीकरवर होता. गृहस्थ काही बोलले नाहीत, पण स्वयंपाकघरातला मिक्सर एकदम बंद झाला.

"अहो, विचारा त्याला," आतून आवाज आला, "ते पुस्तक जरा मोठ्या अक्षरातलं मिळेल का?"